‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका

तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला आहे. मोह वेचून झाला, लग्नसराई सुरू आहे आणि येत्या पंधरा-वीस दिवसांत गावोगावी पानांच्या पुड्यांचे पैसे हातात पडतील. वर्षभरात गडचिरोलीच्या आणि पूर्व चंद्रपूरच्या घरांत एकरकमी रोकड येते ती याच सुमारास. त्या रोकडीवर कुणाकुणाचा डोळा असतो, हे गावातल्या बायांना वेगळं सांगावं लागत नाही. पिशव्या भरून, दुचाकीच्या डिकीत, दुधाच्या कॅनमध्ये दारू याच दिवसांत फिरते. म्हणून हे आवाहन आजच करत आहे.

आवाहन दारू सोडा म्हणून नाही. ते काम या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी माझ्यापेक्षा फार मोठ्या ताकदीने केलं आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी मागून घेतलेली आहे. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या बायांनी 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला, 1 एप्रिल 2015 ला बंदी लागू झाली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी असावी की नसावी, यावर इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर वाद झाला आहे, पुढेही होईल. तो वाद आज बाजूला ठेवू. दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखंच मारणाऱ्या एका रसायनाबद्दल बोलायचं आहे.

त्याचं नाव मिथेनॉल. कारखान्यात आणि दुकानात त्याला मिथाइल अल्कोहोल म्हणतात, पुष्कळदा नुसतं ‘स्पिरिट’ किंवा ‘थिनर’ म्हणूनही खपतं. पाण्यासारखं नितळ, पातळ, हलका दारूसारखा वास. पूर्वी लाकूड बंद भांड्यात तापवून त्याच्या वाफेतून ते काढत. आता नैसर्गिक वायूपासून बनतं आणि कोळशापासून बनवण्याच्या योजना देशात मांडल्या जात आहेत, म्हणजे आपल्या कोळशाच्या जिल्ह्याला ते पुढे परकं राहणार नाही. ते अतिशय कामाचं आहे, हेही कबूल केलं पाहिजे. प्लायवूड आणि लॅमिनेट चिकटवणारी राळ ज्या फॉर्माल्डिहाइडपासून होते, ते मिथेनॉलपासूनच बनतं. शवागारातलं आणि जीवशास्त्राच्या बरण्यांमधलं फॉर्मालिन त्यातूनच येतं. रंग, वार्निश, शाई पातळ करायला, औषधांच्या कारखान्यात द्रावक म्हणून, बायोडिझेल बनवताना, प्रयोगशाळेत, सगळीकडे ते लागतं. फर्निचरचा मिस्त्री लाखेचा चपडा ज्यात विरघळवून सागवानाला पॉलिश मारतो, त्या स्पिरिटच्या जागी स्वस्तातलं मिथेनॉल आलेलं असू शकतं. लग्नाच्या पंगतीत बुफेच्या भांड्याखाली निळसर जळणारं जेल असतं, त्यातही बऱ्याचदा हेच.

आणि ते स्वस्त आहे. सगळा घात तिथे होतो. प्यायच्या अल्कोहोलवर, म्हणजे इथेनॉलवर, कर आहे, परवाना आहे, पहारा आहे. मिथेनॉल उद्योगाचा कच्चा माल म्हणून ड्रमने फिरतं. 1919 च्या विष अधिनियमाखाली ते विषात मोडतं आणि विकायला परवाना लागतो, पण ड्रममधून कॅनमध्ये आणि कॅनमधून बाटलीत उतरलं, की त्यावर विष असं लिहिलेलं राहत नाही. नशा वाढावी आणि माल पुरावा म्हणून कुणीतरी ते दारूत ओततो.

जून 2015 मध्ये, चंद्रपूरची बंदी लागू होऊन जेमतेम अडीच महिने झाले असताना, मुंबईत मालाडच्या मालवणीत असंच झालं. शंभराहून अधिक माणसं गेली. खटला वर्षानुवर्षं चालला आणि 2024 मध्ये न्यायालयाने चौघांना दोषी ठरवलं, बाकीचे सुटले. जुलै 2022 मध्ये गुजरातेत, जिथे राज्याच्या स्थापनेपासून बंदी आहे, बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक मेले. तिथे तर दारू अशी नव्हतीच, गोदामातून चोरलेलं मिथेनॉल पाण्यात मिसळून विकलं होतं. जून 2024 मध्ये तमिळनाडूच्या कल्लाकुरिचीत साठांहून अधिक मेले, आणि तमिळनाडूत दारू सरकारच विकतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाओस देशातल्या व्हांग व्हिएंग या पर्यटनाच्या गावी सहा परदेशी पर्यटक गेले. तेव्हा हे गरिबाच्या वस्तीतलं दुखणं आहे, किंवा बंदीच्या जिल्ह्यातलं आहे, किंवा बंदी उठवलेल्या जिल्ह्यातलं आहे, असं म्हणून कुणी हात झटकू नयेत.

आपल्या शेजारचं तर फार जुनं नाही. वर्धा नदी ओलांडली की वणी. जिल्हा यवतमाळ, पण लोकसभेचा मतदारसंघ चंद्रपूरच आणि घुग्घुसहून हाकेच्या अंतरावर. एप्रिल 2021 मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती, तेव्हा तिथे सात जणांनी हात धुवायचं सॅनिटायझर पिऊन जीव गमावला. चांगल्या सॅनिटायझरमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि तेही पोटात जाण्यासाठी नसतंच. त्या काळात बाजारात भेसळीचा मालही सुटला होता. 2020 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मिथेनॉल असलेल्या सॅनिटायझरबद्दल लोकांना सावध करावं लागलं होतं. घरात अजून त्या काळातल्या मोठ्या बाटल्या, पाच लिटरचे कॅन पडून असतील तर काढून टाका. ग्रामपंचायतीत आणि शाळेत तर नक्की पडून आहेत.

आता मुद्द्याचं. मिथेनॉल पोटात गेल्याबरोबर मारत नाही. हीच गोष्ट समजून घ्यायची आहे आणि चार जणांना समजावून सांगायची आहे.

प्यायल्यावर पहिल्या काही तासांत साधी नशा येते, तीही इथेनॉलपेक्षा कमीच. माणूस घरी येतो, जेवतो किंवा न जेवता पडतो. दरम्यान यकृत त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि लगेच पुढे फॉर्मिक ॲसिड. लाल मुंगीच्या चटणीला जे आंबटपण आणतं तेच हे आम्ल, पण इथे ते रक्तात साचत जातं, शरीराला बाहेर टाकायला जमत नाही आणि पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो. पहिला घाव बसतो डोळ्यांच्या नसेवर. या सगळ्याला बारा ते चोवीस तास लागतात. आणि मिथेनॉल खऱ्या दारूत मिसळलेलं असेल तर त्याहूनही जास्त, कधी दोन दिवस. कारण यकृत आधी इथेनॉल उरकतं आणि मिथेनॉल तोवर थांबून राहतं.

म्हणजे रात्री प्यायलेला माणूस सकाळी उठतो, डोकं दुखतं म्हणतो, एकदोन ओकाऱ्या होतात, पोटात कळ येते. घरचे म्हणतात, जास्त झाली रात्री. त्याला ताक देतात, लिंबाचं पाणी, चिंचेचं पाणी देतात. झोपू दे, उतरेल. दुपारनंतर तो म्हणतो, डोळ्यांसमोर धुकं आलंय. भर उन्हात, मे महिन्यात, सगळं पांढरं पांढरं दिसतंय म्हणतो. मग श्वास जोरजोरात, खोल खोल चालतो, धावून आल्यासारखा, आणि माणूस तर खाटेवर पडलेला असतो. यापुढे बेशुद्धी आणि झटके. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, शुद्ध मिथेनॉल डोळे घालवायला पुरेसं ठरलेलं आहे. तीस मिलिलिटरने माणसं मेली आहेत. पावशेर-अर्धापावशेरच्या हिशेबात पिणाऱ्याला हा आकडा सांगा.

ही मधली बारा, चोवीस तासांची उसंतच माणूस वाचवण्याची वेळ आहे. याला औषध आहे. फोमेपिझोल नावाचं इंजेक्शन यकृताचं ते काम थांबवतं. ते नसेल तर डॉक्टर मोजून मापून इथेनॉल देतात. आम्ल मारायला सोडिअम बायकार्बोनेट लावतात आणि डायलिसिसने मिथेनॉल आणि फॉर्मिक ॲसिड दोन्ही रक्तातून धुऊन काढता येतं. वेळेत पोचलेली माणसं वाचतात, काहींची नजरही वाचते. इथेनॉल औषध म्हणून देतात हे ऐकून कुणी घरी ‘चांगली’ दारू पाजून उतारा करू नये. किती द्यायची, रक्तात किती राहिली, साखर किती उतरली, हे घरी कळत नाही, आणि बेशुद्धीकडे चाललेल्याच्या छातीत ती गेली तर तो तिथेच संपेल. उलटीही करवू नका. दूध, तूप, मीठपाणी यातल्या कशानेही हे विष उतरत नाही. या सगळ्यात फक्त तास जातात.

आणि तास आपल्याकडे आधीच कमी आहेत. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, चंद्रपूरहून नागपूर दीडशे. भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने किती वेळा तुटला, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. मुंबईत मालवणीच्या माणसाला तासाभरात मोठं रुग्णालय गाठता येत होतं, तरी शंभराहून अधिक गेले. एटापल्लीच्या आतल्या गावात संध्याकाळी ‘सकाळी बघू’ म्हटलं, की सकाळी बघायला फारसं उरत नाही.

रस्त्यापेक्षाही जास्त वेळ खाते ती भीती. केस होईल, पोलीस येतील, विकणारा आपल्याच नात्यागोत्यातला आहे, त्याचं नाव निघेल, गाव संघटनेच्या बाया काय म्हणतील. दारूबंदीच्या जिल्ह्यात ही भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. पण एक हिशेब करा. ठाण्यातला कागद पुढे निस्तरता येतो, वकील लावता येतो, जामीन होतो. डोळ्यांची नस एकदा गेली की तिला जामीन नाही. म्हणून विनंती आहे ती दारूमुक्तीचं काम करणाऱ्या मुक्तिपथच्या गाव संघटनांना, बचत गटांना, दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईला, कारण हे तुमच्याच शब्दाने होईल: गावात आधीच जाहीर करून टाका की पिऊन आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेताना आमच्यापैकी कुणी एक शब्द बोलणार नाही. विकणाऱ्याला सोडू नका, पिणाऱ्याला त्या दिवसापुरतं लपायला लावू नका. दोन्ही गोष्टी एका वेळी करता येतात.

एकाला त्रास सुरू झाला तर 108 ला फोन करा आणि लगेच दुसरं काम हाती घ्या. त्याच ठिकाणाहून, त्याच पिशवीतून, त्याच लग्नात आणखी कोण कोण प्यायलं? घरोघर जाऊन विचारा. जो म्हणतो ‘मला काही झालं नाही’, त्यालाही गाडीत बसवा. तोच तर वाचायचा आहे, त्याच्या रक्तात आम्ल अजून पुरतं तयार झालेलं नाही. उरलेली दारू, बाटली, पिशवी फेकून देऊ नका, नीट बंद करून रुग्णासोबत द्या. डॉक्टरांना सांगताना लाजू नका: काय प्यायलं, किती वाजता, किती. आशाताई आणि पोलीस पाटलांनी एवढं लक्षात ठेवावं की दोन घरांत एकाच दिवशी उलट्या आणि डोळ्यांना अंधुक, असं दिसलं तर ते अन्नातून झालं असं धरून बसू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांसाठी दोन ओळी, त्यांना ठाऊक आहेतच, पण रात्री दोनला उजळणी बरी. प्यायलेला रुग्ण, खोल जलद श्वास, छाती स्वच्छ, नजर अंधुक: मिथेनॉल समजा आणि रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता हलवा. नुसतं सलाईन लावून रात्रभर ठेवू नका. डायलिसिस जिथे आहे तिथेच पाठवा आणि तिथे आधी फोन करा.

काही समजुती आपल्याकडे पक्क्या आहेत, त्या मोडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ‘काडी लावून बघायची, निळी पेटली की माल अस्सल.’ मिथेनॉलही निळंच पेटतं, किंबहुना इतकं फिकं निळं की उन्हात ज्योत दिसतसुद्धा नाही. ‘वासावरून कळतं.’ नाही कळत, दोन्हींचा वास जवळपास सारखा. ‘उकळली की वाईट उडून जातं.’ मिथेनॉल 65 अंशांच्या जवळ उकळतं, इथेनॉल 78 ला. घरच्या डेगीवर हे दोन वेगळे काढणं शक्य नाही, उलट वाफेने आग लागेल. ‘नेहमीचा माणूस आहे, तो असं करणार नाही.’ तो करत नसेलही, पण त्याच्याकडे माल कुठून येतो ते त्यालाही माहीत नसतं.

इथे मोहाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर माझं बोलणं भलत्याच ठिकाणी वापरलं जाईल. मोहाच्या सडव्यातून घरी उतरवलेल्या दारूत मिथेनॉलचा अंश असतो तो नगण्य. मोहाने यकृत जातं, संसार जातो, ते वेगळं. पण एका रात्रीत ओळीने माणसं आंधळी होतात, मरतात, तेव्हा त्यामागे झाडाचं फूल नसतं, कारखान्याचा ड्रम असतो. माडिया-गोंड घरातल्या देवाच्या नैवेद्याला दोष देऊन ड्रमवाल्याला सोडून देण्याची चूक करू नये. पण मोहाच्या नावाने बाटलीत काय आलं, हे मात्र विकत घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

न पिणाऱ्यांनाही मिथेनॉल सोडत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचांदूर, ताडाळी या पट्ट्यात रंगकाम, गाड्यांची दुरुस्ती, फर्निचर यांची असंख्य छोटी दुकानं आहेत. त्यांच्या मालकांशी जरा सविस्तर बोलायचं आहे.

मिथेनॉलची वाफ 11-12 अंश तापमानालाच ठिणगीने पेटण्याजोगी होते. आपल्याकडे हिवाळ्यातली एखादी कडाक्याची पहाट सोडली तर वर्षभर तापमान त्याच्या वरच असतं, आणि उन्हाळ्यात चंद्रपुरात पारा 45 च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली, उन्हाकडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला अर्धा रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा धोक्याचा, कारण उरलेल्या जागेत वाफ भरलेली असते. हवेत सहा टक्क्यांपासून छत्तीस टक्क्यांपर्यंत कितीही वाफ असली तरी ती पेट घेते. पेट्रोलची वाफ दाट झाली की पेटत नाही, हिची तेवढीही सवलत नाही. वेल्डिंगचं काम आणि थिनरचा साठा एका छपराखाली नको. बिडी पेटवून कॅन ओतणारा पोऱ्या तुमच्याही दुकानात असेल, त्याला आजच बजावा.

आणि ज्योत दिसत नाही, हे पुन्हा सांगतो. लग्नात बुफेचं जेल विझलं असं समजून वाढपी वरून नवं ओततो, आतली ज्योत उन्हात न दिसता जळत असते आणि पेटतं द्रव डब्याकडे उलटं धावतं, समोर रांगेत उभ्या पोरांच्या अंगावर उडतं. केटरर मंडळींनी डबा उचलून, गार करून, बाजूला नेऊन मगच भरावा, जळत्या जागी कधीच नाही. शाळेच्या प्रयोगात वेगवेगळ्या क्षारांच्या रंगीत ज्योती दाखवायला मिथेनॉल वापरण्याची हौस शिक्षकांनी आवरावी. आग लागलीच तर थोडं पाणी मारून भागत नाही, मिथेनॉल पाण्यात मिसळतं आणि पातळ होऊनही बराच वेळ पेटत राहतं. कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर किंवा सुकी वाळू. दुकानात वाळूच्या दोन बादल्या ठेवायला खर्च येत नाही.

पॉलिश करणाऱ्या कारागिराला हे कातडीतूनही भिनतं आणि श्वासातूनही. हात पुसायला थिनर वापरायची सवय आहे ती साबणावर न्या. बंद खोलीत, पंखा बंद ठेवून काम करू नका, धुळीच्या भीतीने दारं लावून घेतात तेव्हाच जास्त भरतं. ड्रममधून नळीने तोंडाने ओढून काढणं तर थांबलंच पाहिजे. शंभर रुपयांचा हातपंप येतो, तो मालकाने द्यावा. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा, मग दवाखाना. अंगावर सांडलं तर आधी कपडे उतरवा, मग पाणी.

पाण्याच्या, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कुठलंही रसायन भरून देऊ नका, घेऊ नका. उन्हात घरी आलेलं लेकरू फळीवरची बाटली उचलतं आणि तोंडाला लावतं. त्याच्या वजनाला एखादा घोट पुष्कळ होतो. हार्डवेअरच्या दुकानदारांनी सुटं थिनर आणि स्पिरिट ओळखीशिवाय, नोंदीशिवाय देणं बंद करावं. एरवी पावशेर नेणारा माणूस अचानक वीस लिटर मागतो आहे आणि त्याचा रंगाचा धंदा नाही, एवढं दुकानदाराच्या लक्षात येतंच. ते पोलिसांना किंवा उत्पादन शुल्क खात्याला कळवा.

महामार्गावरच्या गावांसाठी आणखी एक. रसायनाच्या टँकरवर मागे आणि बाजूला पाटी असते, तिच्यावर चार आकड्यांचा क्रमांक असतो. मिथेनॉलचा क्रमांक 1230. घराघरात पोरांना हा पाठ करून द्या, ती गाड्यांचे नंबर तशीही पाठ करतात. असा टँकर उलटला तर बादल्या घेऊन धावायचं नाही, मोबाइलवर चित्रण करायला जवळ जायचं नाही, गाडी सुरू करायची नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर व्हायचं आणि 112 ला तो क्रमांक सांगायचा. त्या रात्री गावात कुणी ‘टँकरची स्पिरिट’ स्वस्तात विकू लागला, तर पुढे काय होणार ते वर लिहिलंच आहे.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. 108 ची गाडी आपल्या गावापर्यंत येते का, नाला भरला तर रुग्ण कुठवर उचलून न्यायचा, रात्री कुणाची जीप मिळेल, डिझेलचे पैसे कोण देईल, जवळचं डायलिसिस कुठे आहे, हे ठरवून ठरावाच्या वहीत लिहून ठेवा आणि आशाताईंच्या व पोलीस पाटलांच्या दारावर त्याची एक एक प्रत चिकटवा. पुड्यांचे पैसे वाटप व्हायच्या आधी.